म्हातारी, भोपळा आणि मी

निवृत्त झालो तेव्हा नातवाला गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आलं. परवा त्यानं म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट मागितली, आणि सांगता सांगता माझ्यातला समीक्षक जागा झाला. (निवृत्त माणसात दोनच गोष्टी जाग्या होतात. दुसरी संधिवात.)

पहिला आक्षेप भोपळ्याच्या जातीला. चित्रकार झाडून सगळे लाल भोपळा काढतात. पण लाल भोपळा, म्हणजे आपलं डांगर, मूळचं अमेरिकेतलं. कोलंबसानंतर दर्यावर्दी मंडळींबरोबर ते इकडे आलं. तेव्हा म्हातारी पाचशे वर्षांहून जुनी असेल तर ती डांगरात बसणं शक्य नाही. तिला कडू भोपळाच हवा. तो वाळला की आतून पोकळ, बाहेरून लाकडासारखा टणक आणि वजनाला हलका. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला लावतात तो. असा भोपळा उड्या मारत गेला म्हणता, ठीक आहे, मान्य. डांगर उड्या मारत नाही. ते ठेवाल तिथं बसतं, सरकारी फायलीसारखं.

त्यात माणूस मावेल का, हा आक्षेप मात्र मागे घेतो. परदेशात हजार किलोंच्या वरचे भोपळे पिकवलेत लोकांनी. कॅनडातल्या विंडसर गावी तर १९९९ मध्ये भोपळे कोरून, त्यांत बसून, वल्ही मारत तळं ओलांडायची शर्यत सुरू झाली. आमच्या म्हातारीला विचारलं असतं तर तिनं चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या असत्या.

खरा दोष पात्रयोजनेत आहे. म्हातारी वाघ-कोल्ह्यांच्या रानातून एकटी लेकीकडे जाते. लेक तिला खाऊपिऊ घालते, परतीसाठी भोपळाही तीच देते. सगळी अक्कल लेकीची, आणि नाव मात्र भोपळ्याचं!

"आजोबा, म्हातारीला मुलगा नव्हता?" नातवानं मध्येच विचारलं.

समीक्षक गप्प झाला.

आमची आई दर उन्हाळ्यात ताईकडे जायची. एकटी, एस.टी.नं, दोनदा गाडी बदलून. मी कामात असायचो. कसल्या, ते आता आठवत नाही. येताना तिच्या मांडीवर ताईच्या परसातला भोपळा, देठासकट. देठ मोडला की भोपळा लवकर सडतो, म्हणून कंडक्टरनं कितीही सांगितलं तरी ती तो टपावर टाकू द्यायची नाही. मग तो माळ्यावर थेट गणपतीपर्यंत टिकायचा. त्याचे घारगे, थोड्याचं भरीत, आणि बिया धुऊन, वाळवून, पुढच्या वेलासाठी डब्यात.

त्या वेलाला पिवळीधमक फुलं आली की मी म्हणायचो, "यंदा पन्नास भोपळे!"

"पहिली येतात ती सगळी नराची," आई म्हणायची. "नुसती मिरवायला. जिच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो, ती मादी." आणि नराच्या फुलांची भजी तळायची. भजी मी खायचो.

"सांगा ना आजोबा! नव्हता का मुलगा?"

"होता की."

"मग तो कुठे होता?"

"घरी," मी म्हटलं. "घारग्यांची वाट बघत."