कडेवरच्या मुलाचं प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनात दोन वर्षांचं मूल नसतं. नवरा असतो, बायको असते, बोटीवर भेटलेला विक्षिप्त सहप्रवासी असतो, लंडनमध्ये पिठल्यासाठी आसुसलेली मराठी मंडळी असतात. पण पहाटे साडेतीनला उठून दूध मागणारं मूल नसतं. निदान मी वाचलेल्या पुस्तकांत तरी ते मला जवळपास भेटलंच नाही, आणि गेल्या वर्षी मी ही पुस्तकं बऱ्यापैकी ओळीने वाचली.

वाचण्यामागचं कारण साहित्यिक नव्हतं. ताई आणि भाऊजींनी पॅरिस, ल्यूसर्न, रोम अशी बारा दिवसांची सहल ठरवली. सोबत साडेतीन वर्षांची भाची आणि अकरा महिन्यांचा भाचा. घरातला सॉफ्टवेअरवाला मी, त्यामुळे एक्सेल शीट आपोआप माझ्याकडे आली. शेंगेन व्हिसाची फी सहा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर बसतं. कागदोपत्री भाच्याला जवळजवळ वजनच नव्हतं. शीटमध्ये मात्र प्रत्येक ओळ त्याच्यापाशी येऊन अडायची. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे नाशिकला सकाळी सातला उठणारं बाळ तिथे पहाटे साडेतीनला उठणार. त्याआधी मुंबईचं विमानतळ गाठायचं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला खरा, पण नाशिककराच्या परदेशप्रवासातलं पहिलं शहर अजूनही भिवंडीच असतं.

हे आपल्याआधी कुणीतरी केलंच असेल, त्यांनी काय लिहून ठेवलंय, या साध्या कुतूहलाने मी सावानात गेलो. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक. १८४० पासून चालू आहे. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गाडगीळांचं ‘साता समुद्रापलीकडे’, पुलंचं ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि नंतरचं ‘पूर्वरंग’, मीना प्रभूंची जाडजूड पुस्तकं, असं सगळं पिशवीत भरून घरी आणलं.

आधी स्पष्ट सांगतो, ‘अपूर्वाई’ मी हसत हसत दोनदा वाचलं. पुलंनी बाबागाडी ढकलायला हवी होती अशी माझी मागणी नाही. माझा आक्षेप लेखकांवर नाहीच, आपण ‘प्रवासवर्णन’ कशाला म्हणत आलो त्यावर आहे. या पुस्तकांतला निवेदक कुठेतरी उभा राहतो आणि बघतो. पुलाच्या कठड्याला टेकून, कॉफी समोर ठेवून, संग्रहालयात एका चित्रापुढे. मग त्याला काहीतरी सुचतं, कधी विनोद, कधी स्वतःच्या देशाशी तुलना, कधी इतिहासातला दाखला. मीना प्रभूंसारखी भूलतज्ज्ञ बाई एकटीने इतके देश फिरते, तेही याच पद्धतीने: थांबून, विचारून, टिपून. याला आपण निरीक्षण म्हणतो आणि प्रवासवर्णनाचं मोठेपण त्यावर मोजतो. पण हे निरीक्षण रिकाम्या हातांचं आहे. त्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात, आणि आपण कधी थांबायचं हे आपणच ठरवायची सोय लागते. कडेवर मूल असेल तर थांबायचं कधी ते मूल ठरवतं. तुम्ही लूव्रसमोर थांबत नाही, लूव्रच्या सरकत्या जिन्यासमोर थांबता, आणि त्यावरून सहा वेळा खाली-वर करता.

आता कुणी म्हणेल, पूर्वी एवढ्या लहान मुलांना घेऊन परदेशी जात होतं कोण? जात होतं. मराठीतल्या सुरुवातीच्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रवासवर्णनांपैकी एक जिने लिहिलं, तिच्याबरोबर मूल होतं.

पंडिता रमाबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. नवरा वर्षभरापूर्वी वारलेला. वांटेजच्या मठात मुक्काम, मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचं काम. १८८६ च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, त्यांनी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाची बोट पकडली. ११ मार्चला आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभाला पोचायचं होतं. मनोरमा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. अटलांटिक, हिवाळा, एकटी आई, चार वर्षांची मुलगी. ताईची शीट यापुढे पिकनिक आहे.

समारंभाला गेलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. शहरामागून शहर व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसे गोळा करत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि त्याच वर्षी ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. शीर्षकातला क्रम बघा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यकारभार, घरं, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती, व्यापार. आपल्या लोकांना एक आख्खा देश समजावून सांगायचा या जिद्दीने लिहिलेलं पुस्तक आहे ते, आणि आजही वाचताना दम लागतो इतकं ठोस आहे. प्रवासाचा भाग मुख्यतः सुरुवातीला, बोटीपुरता. आई आणि मुलगी यांचा एक दिवस कसा जायचा, हे त्यात हाताला लागत नाही.

मनोरमा आहे ती पत्रांत. वांटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जमवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली छापला गेला. ही पत्रं इंग्रजीत आहेत. त्यात रमाबाई सिस्टर जेराल्डिनना ‘आजीबाई’ म्हणतात. अख्ख्या इंग्रजी पत्रात तेवढा एक मराठी शब्द असा उठून दिसतो की वाचता वाचता मी थांबलो. परक्या देशात मूल वाढवताना आपण सर्वांत आधी एक आजी शोधतो! आणि याच आजीबाईंशी रमाबाई कडाडून भांडतात. भांडण कशावर, तर मुलीला कोणता धर्म कसा शिकवायचा, आणि ते ठरवायचं कुणी, आईने की मठाने. अमेरिकेतले दौरे वाढले तसं मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. म्हणजे व्याख्यानांच्या त्या गावोगावच्या फिरतीचा हिशेब एका लहान मुलीच्या वियोगातही मोजावा लागतो.

पुस्तकात देश, पत्रांत मूल. ही वाटणी रमाबाईंनी विचारपूर्वकच केली असणार. १८८९ साली एका ख्रिस्ती झालेल्या विधवेचं म्हणणं लोकांनी गंभीरपणे ऐकावं, तर तिला स्वतःला आणि मुलीला बाजूला ठेवूनच लिहावं लागणार होतं. ते मला समजतं. समजत नाही ते एवढंच, की त्यानंतरची सव्वाशेहून जास्त वर्षं आपण तीच वाटणी प्रवासवर्णनाचा नियम असल्यासारखी का पाळली.

मराठीत हे लिहिता येत नाही असंही नाही. आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नाशिक, पंढरपूर, नगर, राहुरी अशी त्यांची आयुष्यभराची फिरती, आणि लहानग्या दत्तूला सांभाळत काढलेली वर्षं त्यात आहेत. काय खायचं, कुणाच्या हातचं खायचं, मुलाला कुठे ठेवायचं, कुणाचा आसरा घ्यायचा. सगळं आहे, आणि भरपूर हसूही आहे. पण ग्रंथालयात ते आत्मचरित्राच्या कपाटात असतं. बाईने मुलासकट केलेला प्रवास म्हणजे आयुष्य, आणि पुरुषाने किंवा एकट्या बाईने हात हलवत केलेला तो प्रवास, अशी काहीतरी गंमत या कपाटांमध्ये आहे. (मूल घेऊन प्रवास करणारी एकच बाई आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पटकन येते, ती झाशीची राणी, पाठीला मूल बांधलेली. आणि ती काही सहलीला निघाली नव्हती.)

पुस्तकांनी जी जागा रिकामी ठेवली ती आता रील्सनी भरली आहे. ‘बाळासोबत युरोप, सात टिप्स.’ मी त्यांना नावं ठेवणार नाही, शीट त्यांच्याच जिवावर झाली. पॅरिसच्या मेट्रोत सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली लाइन, चौदा नंबरची; व्हेनिसला चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, म्हणून व्हेनिस कट; स्वित्झर्लंडच्या काही डबलडेकर गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांना खेळायचा डबा असतो, म्हणून त्या गाडीची वेळ आधी आणि बाकी दिवस तिच्याभोवती. ही माहिती पुलंकडे मिळणार नव्हती. पण रील्समध्ये माणूस नाही. रडणारं मूल दाखवलं तरी ते पुढच्या तीन सेकंदांत हसतं. माझ्या शीटमध्येही नव्हता. ‘दुपारची झोप’ म्हणून मी दोन सेल मर्ज केले होते आणि त्यांना फिकट निळा रंग दिला होता.

मे महिन्यात चौघं गेले. घरच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. आयफेलसमोर चौघं, बोटीत चौघं, डोंगरावर टोप्या घालून चौघं. बाबांचे अंगठे, मावशीचं ‘नजर काढा गं’. आणि याच काळात ताईने मला वेगळ्या व्हॉइस नोट्स पाठवल्या, कारण त्या वेळी जागा असण्याची शक्यता असलेला मी एकटाच होतो.

पॅरिसमधली पहिली नोट पहाटे चारची आहे. बाकीचे झोपावेत म्हणून ती बाळाला घेऊन बाथरूममध्ये, जमिनीवर टॉवेल टाकून बसली आहे. खिडकी उघडी. खाली रस्ता धुतला जातोय त्याचा आवाज नोटमध्ये ऐकू येतो. मग एक शटर वर जातं. ती सांगते, समोर बेकरी आहे, आत दिवा लागला, एक मुलगा पिठाची गोणी ओढतोय, आपल्याकडच्या पाववाल्यासारखाच डोक्याला फडकं बांधून. पुढचे तीन दिवस तिने त्या पोराला रोज पाहिलं. चौथ्या दिवशी त्याने वर बघून हात केला. आयफेलबद्दल ताईच्या एकाही नोटमध्ये एक शब्द नाही.

ल्यूसर्नच्या जुन्या लाकडी पुलावर भाचीने चाळीस मिनिटं फळ्यांच्या फटीतून खडे टाकले. पर्यटक पाच मिनिटांत पूल ओलांडतात. ताईला चाळीस मिनिटं तिथेच उभं राहावं लागलं, म्हणून तिचं लक्ष वर गेलं आणि छतातल्या त्रिकोणी चित्रांच्या रांगेत मध्येमध्ये खाडे दिसले. रात्री तिने मला शोधायला सांगितलं. १९९३ च्या आगीत बरीचशी चित्रं जळाली होती. हे कुठल्याही गाइडबुकात सापडतं, मान्य. पण तिला ते गाइडबुकामुळे दिसलं नाही, खड्यांमुळे दिसलं.

रोमबद्दल फार नाही. दगडी रस्त्यांवर बाबागाडीचं चाक निखळलं, आणि एका नोटमध्ये भाऊजी आणि ताई चक्क भांडताहेत. दोघांच्या सांगण्यावरून ती मी डिलीट केली.

परत आल्यावर मी ताईला म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, ‘‘अरे, यात प्रवास कुठंय? मी तर निम्मा वेळ खालीच बसून होते.’’ मग तिची परवानगी घेऊन मीच त्या नोट्स उतरवून काढायला घेतल्या. एकूण एकेचाळीस आहेत. सर्वांत लांब नोट ल्यूसर्नहून मिलानला जाणाऱ्या गाडीतली, सहा मिनिटांची. गाडी गोटहार्डच्या सत्तावन्न किलोमीटरच्या बोगद्यात शिरायच्या जरा आधी बाळाला झोप लागली आहे, दोन दिवसांत पहिल्यांदा धड. ताई कुजबुजत बोलते. खिडकीत बाहेरचं काही दिसत नाही, फक्त आपलाच चेहरा दिसतो, आणि मांडीवरचा त्याचा. भाची विचारते, ‘‘आई, रात्र झाली?’’ ताई म्हणते, ‘‘नाही गं, डोंगराच्या पोटात आहोत.’’ मग बराच वेळ नुसता रुळांचा आवाज.