आफ्रिकेच्या राजकीय सीमा आणि ‘कृत्रिमते’चा सिद्धान्त : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
आफ्रिका खंडाच्या राजकीय भूगोलाचे अध्यापन करताना एक विधान जवळजवळ सूत्रासारखे मांडले जाते. युरोपीय सत्तांनी बर्लिन परिषदेत नकाशावर पट्टीने रेषा ओढल्या, त्यामुळे मानवसमूहांचे तुकडे झाले आणि आजच्या यादवीचे मूळ त्या रेषांत आहे, असे त्याचे स्वरूप असते. या विधानात तथ्यांश निश्चितच आहे. तथापि संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश असलेल्या या खंडाच्या राजकारणाचे स्पष्टीकरण म्हणून ते कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बर्लिन परिषदेचे प्रत्यक्ष कार्य :
१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात भरलेल्या या परिषदेत १४ सत्ता सहभागी झाल्या. आफ्रिकी प्रतिनिधी एकही नव्हता. मात्र परिषदेच्या करारनाम्याचे मुख्य विषय होते काँगो खोऱ्यातील मुक्त व्यापार, काँगो व नायजर नद्यांवरील नौकानयन आणि किनारपट्टीवरील नव्या ताब्यासाठी प्रत्यक्ष अंमलाची अट. आजच्या बहुतेक सीमा त्यानंतरच्या द्विपक्षीय करारांतून ठरल्या. १८९० च्या ब्रिटन-जर्मनी कराराने झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी जर्मनीला मिळालेला कॅप्रिव्हीचा चिंचोळा पट्टा आजही नामिबियाच्या नकाशात दिसतो.

शिवाय सर्वच सीमा सरळ रेषा नाहीत. झांबिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेचा मोठा भाग काँगो-झांबेझी जलविभाजकावरून जातो. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर वसल्या आहेत. नदी ही ‘नैसर्गिक’ सीमा खरी, परंतु दोन्ही तीरांवरील लोकांना ती जोडतही असते. तेव्हा नैसर्गिक सीमा न्याय्य आणि भूमितीय सीमा अन्याय्य, हे समीकरण येथेच डळमळीत होते.

वांशिक नकाशाची मर्यादा :
सीमा कृत्रिम ठरवायची, तर तुलनेसाठी ‘खरा’ नकाशा हवा. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांच्या १९५९ च्या ग्रंथातील नकाशा त्यासाठी वारंवार वापरला जातो. त्यात खंडाची ८०० हून अधिक समूहक्षेत्रांत विभागणी आहे. या नकाशाच्या आधारे मिकालोपुलोस व पापाइओआनू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सीमेने विभागलेल्या समूहांच्या प्रदेशांत राजकीय हिंसा अधिक आढळल्याचे दाखविले. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आक्षेप आहे तो नकाशाच्या गृहीतकावर. येथेही प्रत्येक समूहाभोवती एक रेषा आहे आणि एका क्षेत्रात एकच समूह आहे. सेनेगलपासून कॅमेरूनच्या पलीकडेपर्यंत गुरे घेऊन फिरणारे, शेतकऱ्यांच्या गावांलगत ऋतुमानानुसार वस्ती करणारे फुलानी पशुपालक अशा चौकटीत बसत नाहीत. महमूद ममदानी यांनी १९९६ च्या ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, वसाहतसत्तेने रूढी कायदा आणि स्थानिक प्रमुख यांच्याद्वारे ‘जमात’ हीच प्रशासकीय चौकट केली. म्हणजे ज्या मापाने वसाहतकालीन सीमा तपासायची, त्या मापाच्या घडणीतही वसाहतसत्तेचा हात आहे.

एकजिनसीपणाचा प्रश्न :
भाषा व धर्म एक असले की राज्य स्थिर होते, हा या सिद्धान्ताचा अध्याहृत भाग होय. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० ची महाराष्ट्रनिर्मिती यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला तो सहज पटतो. मात्र ती पुनर्रचना एका संघराज्याच्या अंतर्गत होती, हा भेद विसरता येत नाही.

सोमालियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १ जुलै १९६० रोजी ब्रिटिश व इटालियन प्रदेश एकत्र येऊन हे राज्य बनले. भाषा व धर्म या दोन्ही दृष्टींनी ते खंडातील अत्यंत एकजिनसी राज्यांपैकी एक होते. इथिओपिया, केनिया व जिबुती येथील सोमालींनाही सामावून घेण्याच्या आकांक्षेतून १९७७-७८ चे ओगादेन युद्ध झाले आणि १९९१ मध्ये केंद्रसत्ता कोसळली. त्याच वर्षी वेगळेपणाची घोषणा करणाऱ्या सोमालीलँडने आपल्या दाव्यासाठी आधार घेतला तो जुन्या ब्रिटिश वसाहतीच्या सीमेचा. १९९३ मध्ये स्वतंत्र झालेल्या एरिट्रियाची सीमाही इटालियन वसाहतीची, तर २०११ च्या दक्षिण सुदानने १ जानेवारी १९५६ ची प्रशासकीय रेषा आधारभूत मानली. फुटून निघणाऱ्यांनाही वसाहतकालीन रेषेचाच आधार घ्यावा लागला. दक्षिण सुदानात डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, ती नवी सीमा आखल्यानंतर.

आफ्रिकी राष्ट्रांचा निर्णय :
जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमांचा आदर करण्याचा ठराव केला. सोमालिया व मोरोक्को यांनी त्याला मान्यता दिली नाही. एक सीमा बदलली की दाव्यांची मालिका सुरू होईल, ही त्यामागील भीती होती. हा निर्णय राज्यकर्त्यांच्या सोयीचाही होता, हे मान्य करावे लागेल. परंतु आफ्रिकी राष्ट्रांना केवळ बर्लिनचे बळी मानणारे विवेचन या निर्णयाची दखलच घेत नाही.

रेषा टिकली, आणि तिने नवा मानवी भूगोलही घडविला. विल्यम माइल्स यांचा ‘हौसालँड डिव्हायडेड’ (१९९४) हा ग्रंथ नायजरमधील येकुवा आणि नायजेरियातील यारदाजे या शेजारच्या दोन हौसा गावांची तुलना करतो. भाषा, धर्म, शेती समान. परंतु एकीकडे फ्रेंच आणि दुसरीकडे ब्रिटिश प्रशासनाचा वारसा. त्यामुळे पारंपरिक प्रमुखांचे स्थान व शिक्षण यांत फरक पडला आणि लोक स्वतःला त्या त्या देशाचे मानू लागले. कृत्रिम म्हणून हिणविलेली रेषा तीन-चार पिढ्यांत अनुभवाचा भाग झाली.

समारोप :
वरील विवेचनाचा हेतू वसाहतवादाला दोषमुक्त करण्याचा नाही. त्याचा दोष रेषेपुरता मर्यादित केल्याने तो उलट लहान होतो. वसाहतपूर्व राज्यांचा वारसा असलेल्या र्‍वांडाला १९९४ चा नरसंहार टाळता आला नाही. बेल्जियन प्रशासनाने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर नोंदविलेली हुतू-तुत्सी वर्गवारी तेथे प्राणघातक ठरली. म्हणून सीमा कोणी आखली या प्रश्नाबरोबरच सीमेच्या आत जमीन, पद आणि नागरिकत्व यांचे वाटप कोणत्या तत्त्वावर झाले, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला पाठ करता येते. दुसऱ्यासाठी त्याला प्रत्येक देशाचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो, आणि प्रादेशिक भूगोलाचे प्रयोजन तेच आहे.