बाजार उघडा आहे, पण बोलायचं कुणाशी?

एरिक रेमंड यांचा 'द कॅथेड्रल अँड द बझार' हा निबंध १९९७ सालचा. ओपन सोर्सबद्दल बोलणारा माणूस फिरून फिरून त्याच्यापाशी येतोच. मांडणी साधी आहे. सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी बनतं: मोठं चर्च बांधावं तसं, मोजक्या कारागिरांच्या हातून, किंवा बाजारासारखं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लिनक्स दुसऱ्या तऱ्हेनं वाढलं. कोड उघडा ठेवा, वापरणाऱ्यांना सहकारी माना. बघणारे पुष्कळ असले की चुका लवकर सापडतात, असं रेमंड म्हणतात.

निबंध आजही वाचावा असाच आहे. पण लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन-तुरीचा सौदा पाहिलेला माणूस 'बाजार' या शब्दापाशी थांबतो. आम्हीही तिथंच थांबलो. बाजारात आडत्या असतो, खरेदीदार असतो, हमाल-मापाडी असतात आणि माल घेऊन आलेला शेतकरी असतो. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. बाजार तेव्हाही उघडाच होता, पण आपल्याच मालाचा भाव शेतकऱ्याला कळत नव्हता. म्हणून उघड लिलाव आला, १९६३ चा कायदा आला. बाजार समितीत शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, हमाल-मापाड्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसू लागले. समित्यांचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे, त्यांची आरती ओवाळायची नाही. पण बाजार नुसता उघडा ठेवून भागत नाही, हे आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. रेमंड यांच्या बाजारात ही समितीच नाही.

आता हे आपल्या भाषेला लावून बघू. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. यातला अर्धा र डोक्यावरचा रफार नव्हे, तो आडवा येतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. सगळा फरक त्या एका खुणेचा. युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी जुनी, साध्या र चा पाय मोडून पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण दोन्ही एकच धरायची सोय प्रोग्राममध्ये नसेल, तर एका वाटेनं लिहिलेला 'शेतकऱ्यांना' दुसऱ्या वाटेनं शोधल्यावर सापडत नाही. ॲ चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोकांनी अ वर चंद्र जोडून काम भागवलं होतं.

ल आणि श यांची मराठी वळणं राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिली. नोटो सान्स देवनागरी या खुल्या फॉन्टमध्ये मराठी वळणं आहेतही. पण मजकूर मराठी आहे हे ॲपनं फॉन्टला कळवलं, तरच ती उमटतात.

समजा, नांदेडच्या एका डीटीपी करणाऱ्याला यातली चूक दिसली. सांगायचं कुणाला? फॉन्टवाले म्हणणार, ॲपवाल्यांना विचारा. ॲपवाले म्हणणार, अक्षरं जुळवायचं काम हार्फबझचं, तिकडं जा. तिथं विचारणार: कोणती आवृत्ती, कोणता नमुना, आणि हे सगळं इंग्रजीत. आपापल्या जागी तिघांचंही बरोबर आहे. पण आपला माणूस दुसऱ्या दारातूनच परत फिरतो. बघणारे डोळे भरपूर होते, चूकही दिसली होती. फक्त ती पोचली नाही. रेमंड यांनी डोळे मोजले, पण दिसलेली चूक सांगायची वाट किती अरुंद आहे, याचा हिशेब पुरेसा केला नाही.

दुसरी बाजूही बघू. हे प्रकल्प सांभाळणारे पुष्कळ जण नोकरी सांभाळून, फुकट काम करतात. आपण त्यांना काय लिहितो? 'मराठी नीट दिसत नाही, ताबडतोब दुरुस्त करा.' कोणता शब्द, कोणता फोन, कसं दिसायला हवं होतं, काहीच नाही. सरकारी कचेरीत अर्ज टाकावा तशी तक्रार टाकतो आणि उत्तर आलं नाही की रागावतो.

मग ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी, जो काम करतो तो. हा न्याय वाईट नाही, पण 'काम' म्हणजे फक्त कोड असं धरलं की भाषा जाणणारा माणूस बाहेर राहतो. डेबियनचं बघा. आपल्या वापरकर्त्यांना अग्रक्रम देऊ, असं वचन त्यांनी १९९७ मध्येच लिहून दिलं. मत मात्र सभासद डेव्हलपरांनाच. २०१० मध्ये त्यांनीच मतदान करून ठरवलं की भाषांतर करणारे, माहितीपत्रकं लिहिणारे यांनाही पूर्ण सभासद करून घ्यायचं, मतासकट. आमच्या मते हा निर्णय रेमंड यांच्या निबंधाच्या एक पाऊल पुढचा आहे.

तेव्हा आमचं मागणं दोन्हीकडं आहे. प्रकल्पांनी भाषेचे निर्णय कोण घेतं ते लिहून ठेवावं आणि मराठीत आलेली तक्रार मराठीतच घ्यावी. आणि आपण? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्राचं संकुल आहे आणि भाषेचंही आहे. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून पन्नास शब्दांची यादी करावी: शेतकऱ्यांना, आचाऱ्यांना, दऱ्या, तऱ्हा, ॲप. प्रत्येक शब्द कसा दिसायला हवा, कसा शोधता यायला हवा, तेही लिहावं. अशी यादी प्रकल्पाकडं गेली की नव्या आवृत्तीच्या वेळी ती तपासता येते आणि कुणाला पुन्हा पुन्हा विनवण्या कराव्या लागत नाहीत. यादीची सुरुवात आज, या व्याख्यानानंतर करता येईल. तुमच्याकडचे शब्द सांगा.