वाटाड्याचे नाव

मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या ज्या दहापाच गोष्टी आहेत, त्यांत अजिंठ्याच्या शोधाची गोष्ट मोडते. ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. १८१९ सालचा एप्रिल महिना. इंग्रज फौजेतला जॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी वाघाच्या शिकारीला निघतो. वाघूर नदीच्या घळीशी येतो. समोरच्या कड्यावर झाडीआडून एक कोरीव कमान डोकावताना त्याला दिसते. एक गुराखी पोर त्याला वाट दाखवते. आणि हजार वर्षे जगाच्या विस्मरणात गेलेली लेणी पुन्हा उजेडात येतात. वाघ पुढे कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. त्याचे काम झालेले असते.

मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे ही गोष्ट मला वर्गात सांगावीही लागते आणि कारागिराच्या नजरेने न्याहाळावीशीही वाटते. इतिहास म्हणून तिची तपासणी करणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला येथे तिची तपासणी गोष्ट म्हणून करायची आहे. कारण लोकांच्या मनात इतिहास राहतो तो बहुधा गोष्टीच्या रूपाने, आणि गोष्टीत ज्याला जागा मिळत नाही त्याला मग इतिहासातही मिळत नाही.

गोष्ट म्हणून ती उत्तम बांधलेली आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. तिला अरण्य आहे, भय आहे, अचानक होणारे दर्शन आहे. तारीखसुद्धा पक्की आहे. कारण स्मिथसाहेबाने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, तिथल्या चित्रावरच, आपले नाव, पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली. तेव्हा लेण्यात मातीदगडाचा ढिगारा साचला होता; तो पुढे उपसला गेल्यामुळे ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसतात. पुरावा इतका ठसठशीत असल्यावर गोष्टीला आणखी काय हवे?

हवे ते एकच, आणि तेच नेमके नाही. ह्या गोष्टीत प्रत्यक्ष काम करणारे पात्र कोणते? वाघ पळतो, साहेब पाहतो. वाट दाखवतो तो मुलगा. आणि त्या मुलाला नाव नाही. निरनिराळ्या सांगणाऱ्यांकडून ही गोष्ट ऐकून पाहा. कुणाच्या गोष्टीत तो गुराखी असतो, कुणाच्या गोष्टीत धनगराचे पोर, कुणी नुसताच ‘एक स्थानिक माणूस’ म्हणून भागवतो. साहेबाच्या नावात आणि तारखेत कधी फरक पडत नाही, मुलाच्या जातीपेशात मात्र सांगणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदल होतो. कादंबरीकार म्हणून मला हे लक्षण ओळखीचे आहे. लेखकाला ज्या पात्राविषयी आस्था नसते, त्या पात्राचे असेच होते.

आता ‘विस्मरणात गेलेली’ ह्या शब्दांकडे वळू. विस्मरण कुणाचे? लेण्यांच्या जवळच जे गाव आहे, त्याचे नाव लेणापूर. हे नाव कोणा पलटणीतल्या अधिकाऱ्याने ठेवलेले नव्हे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग महाराष्ट्रात आला. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या ज्या भव्य विहाराचे त्याने वर्णन केले, तो अजिंठ्याचाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर भिक्षू गेले, दिवे विझले, रान वाढले, हे खरे. पण रान वाढले म्हणून रानातली माणसे गेली नव्हती. १८०३ साली असईची लढाई झाली, तेव्हा जखमी इंग्रज सैनिकांना अजिंठा गावातच आणून ठेवले होते. म्हणजे स्मिथच्या आधी सोळा वर्षे इंग्रजांची छावणी लेण्यांपासून काही कोसांवर पडली होती आणि त्यांना लेण्यांचा पत्ता नव्हता. १८२४ साली जेम्स अलेक्झांडर नावाचा लष्करी अधिकारी लेणी पाहायला गेला; वाघांपासून वाचलास तर भिल्लांच्या तावडीत सापडशील, अशी भीती त्याला लोकांनी घातली, असे त्याच्याच वृत्तान्तावरून दिसते. ज्या ठिकाणाविषयी धोक्याची सूचना देता येते, ते ठिकाण सूचना देणाऱ्याला ठाऊक असते, एवढे तरी आपण मानावे की नाही?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. गुराख्याला लेणी ठाऊक होती, पण त्यांचे मोल कुठे ठाऊक होते? तो पावसात तिथे गुरे बांधत असेल, चूल पेटवत असेल. शोध म्हणजे नुसते दिसणे नव्हे, ओळखणे. हे मला मान्य आहे. मात्र मग हाच काटा स्मिथलाही लावला पाहिजे. दीड हजार वर्षांच्या जुन्या चित्रावर ज्याने स्वतःचे नाव कोरले, त्याला त्या चित्राचे मोल कळले होते असे कसे म्हणावे? ओळखण्याचे खरे श्रेय आहे ते पुढच्यांचे. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली नसती, तर भिंतीवरची अक्षरे मुकीच राहिली असती. सोळाव्या लेण्यातला शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याचा, हे आज कोणताही विद्यार्थी सांगतो; त्यामागे आपल्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्यांची आयुष्यभराची मेहनत आहे. दाखवणारा एक, पाहणारा दुसरा, वाचणारा तिसरा. आपली लाडकी गोष्ट मधल्याला घोड्यावर बसवते आणि उरलेल्या दोघांना पायी चालवते.

असे सगळीकडेच होते काय? ह्याची तुलना करायला एक चांगले पुस्तक आहे. जॉन लॉइड स्टीफन्स नावाचा अमेरिकन वकील १८३९ साली फ्रेडरिक कॅथरवुड ह्या इंग्रज चित्रकाराला बरोबर घेऊन मध्य अमेरिकेत गेला, आणि १८४१ साली त्याने आपल्या प्रवासाचे दोन खंड प्रसिद्ध केले. माया लोकांची जुनी नगरे, होंडुरासच्या रानातले कोपान हे त्यांतले पहिले मोठे, युरोप-अमेरिकेच्या वाचकांपुढे आली ती मुख्यतः ह्या पुस्तकामुळे. वास्तविक कोपानचे वर्णन दिएगो गार्सिया दे पालासियो ह्या स्पॅनिश अंमलदाराने १५७६ सालीच राजाला कळवले होते. तेव्हा ‘पहिला शोध’ हा मान स्टीफन्सलाही देता येत नाही.

पुस्तक मोठे गमतीचे आहे. कोपानची जागा एका होसे मारिया आसेवेदो नावाच्या गृहस्थाकडे होती. त्याच्यावर छाप पाडण्यासाठी स्टीफन्स पेटीतून आपला वकिलातीचा कोट काढतो, मोठमोठ्या गरुडछाप गुंड्यांचा, आणि त्या रानात तो अंगावर चढवून सौदा करायला बसतो. पन्नास डॉलरांत नगर त्याच्या हाती येते. पुढे ते उचलून न्यूयॉर्कला नेण्याचा बेतही तो करतो. आज वाचताना हसूही येते आणि अंगावर काटाही येतो.

पण ह्याच पुस्तकात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी स्टीफन्सचे पुष्कळ काही माफ करायला तयार आहे. झाडी तोडायला त्याने जी माणसे लावली होती, त्यांत ब्रुनो आणि फ्रान्सिस्को असे दोघे होते. आरंभी ते रोजावर आलेल्या गड्यांसारखे काम करतात. हळूहळू साहेब काय शोधतो आहे हे त्यांच्या ध्यानात येते. मग एकाला मूर्तीचे पाय सापडतात, दुसऱ्याला त्या पायांवर बसेल असा धडाचा तुकडा. तुकडे जुळतात, आणि त्या दोघांच्या अंगात वीज संचारते. तेथून पुढे ते आपण होऊन शोधू लागतात. लेखकाने त्यांची नावे लिहिली, एवढ्याने काय झाले पाहा! ती दोन माणसे पुस्तकात जिवंत उभी राहिली. त्यांना उत्सुकता आहे, आनंद आहे, डोके आहे. आपल्या अजिंठ्याच्या मुलाला ह्यातले काहीच नाही. तो बोट दाखवतो आणि संपतो.

स्टीफन्सचा दुसरा गुणही ह्यातूनच आला असावा असे मला वाटते. ती नगरे इजिप्तमधून आलेल्यांनी किंवा कोणा लुप्त मानववंशाने बांधली, अशा कल्पना त्या काळी फार होत्या. स्टीफन्सने मत दिले, की ती ह्याच भूमीतल्या लोकांच्या पूर्वजांची आहेत. पुढच्या संशोधनाने ते खरे ठरले. १९५२ साली रशियात यूरी क्नोरोझोव्हने माया लिपी वाचण्याची किल्ली शोधली, ती आजही बोलल्या जाणाऱ्या माया भाषांच्या आधाराने. शेजारी काम करणाऱ्या माणसाचे नाव जो विचारतो, त्याला त्या माणसाच्या आजोबांच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवणेही कमी कठीण जात असेल.

नाव राहिले तर काय होते, ह्याचा दाखला अजिंठ्यातही आहे. १८४४ साली मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करण्यासाठी तिथे आला आणि वर्षानुवर्षे राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. परंतु अजिंठा गावात त्याने एक दगड बसवला होता. त्यावर पारो हे नाव आहे आणि २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. एवढ्या एका नावाच्या आधारावर, त्याच परिसरात पळसखेड्याला शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांनी १९८४ साली ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. २०१२ साली नितीन देसाई यांनी त्यावर चित्रपट काढला. चित्रपटात थाटमाट अधिक झाला असे कुणी म्हणेल, असो. मुद्दा असा, की दगडावर नाव होते म्हणून कवीला त्या बाईपर्यंत पोचता आले. गुराख्याच्या पोरापर्यंत कोणता कवी कसा पोचणार?

तीच गोष्ट नंतरच्या नकलांची. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नव्याने नकला करून घेतल्या. पुस्तकांत त्या ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ म्हणून ओळखल्या जातात. अंधाऱ्या लेण्यांत ऋतूमागून ऋतू कुंचला चालवणारे हात पेस्तनजी बोमनजी, जयराव रघोबा, नारायण एकोबा ह्यांच्यासारख्यांचे होते. १८८५ साली लंडनमध्ये पुन्हा आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ नकला गेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्या नोंदीत ही नावे सापडतात. ती मोठ्याने उच्चारावीत अशी आहेत. निदान चित्रकलेच्या तासाला तरी.

कुणी म्हणेल, हा जुन्या काळचा हिशेब आता कशाला उकरता? तर हिशेब जुना झालेला नाही. ग्वाटेमालाच्या रानावर विमानातून लेसरचे किरण सोडून सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचा प्रदेश तपासला गेला, आणि झाडीखाली साठ हजारांहून अधिक बांधकामे नोंदली गेल्याचे २०१८ साली जाहीर झाले. विज्ञानाची ही करामत थोर आहे, यात शंका नाही. पण त्यावरच्या पुष्कळ बातम्यांचा सूर तोच होता: हरवलेले जग सापडले. आता तर वाटाड्याची गरजच उरली नाही, असे वाचकाला वाटावे.

आणि दूर तरी कशाला जा? आमच्या मनमाडपासून दहाएक किलोमीटरवर अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आहेत. पायथ्याशी जैन लेणी आहेत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली भारतातील लेण्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंद घेतली. वर अगस्ती ऋषींचे स्थान आहे आणि तिथे आसपासची माणसे नेमाने जातात. तरीही हल्ली सुट्टीत चढून आलेली शहरातली मंडळी परतल्यावर ‘आडरानातली अज्ञात लेणी’ असे वर्णन करतात, आणि माझ्या वर्गातली अंकाईकडची मुले ते वाचून बुचकळ्यात पडतात. ज्या कातळावर आपण लहानपणापासून घसरगुंडी खेळलो, तो अज्ञात कसा? सहलीचा निबंध लिहायला सांगितला, की हीच मुले मग स्वतःला पाहुण्याच्या जागी ठेवून लिहितात: ‘आम्हांला अचानक एक लेणे दिसले.’ माझी तक्रार आहे ती इथे. गोष्टीचा साचा इतका मुरला आहे, की जिच्या अंगणात लेणे आहे त्या मुलीलाही ते अचानक दिसावे लागते.

म्हणून किशोरांसाठी साहसकथा आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या माझ्या लेखकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. जंगल ठेवा, वाघ ठेवा, साहेबही ठेवा. गोष्टीची गोडी मुळीच कमी करू नका. फक्त वाट दाखवणारा आला, की तिथे थोडे थांबा. त्याचे नाव ठाऊक असेल तर लिहा. नसेल तर ‘ह्या मुलाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही’ हे एक वाक्य तरी लिहा. वर्गात मी हे वाक्य घालून गोष्ट सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न वाघाविषयी येत नाही. “का नाही लिहिले, सर?” असा येतो. त्या प्रश्नानंतरचा तास मला नेहमी अपुरा पडतो.