सार्वजनिक आरोग्य शिक्षणसंस्थांची अधिस्वीकृती : निकषांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

रुग्णालयाचे यश बऱ्या झालेल्या रुग्णात दिसते. सार्वजनिक आरोग्याचे यश मात्र न आलेल्या साथीत आणि न दगावलेल्या बालकात असते. जे घडलेच नाही ते मोजायचे कसे, ही या विद्याशाखेची मूळ अडचण होय. साहजिकच हे शास्त्र शिकविणारी संस्था चांगली की सुमार, हे ठरविणेही सोपे नाही. अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ’ या संस्थेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या अधिस्वीकृती निकषांची चिकित्सा करणे आणि भारतीय परिस्थितीत त्यांची उपयुक्तता तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण वैद्यकीय शिक्षणापासून वेगळे असावे, या विचाराला विल्यम वेल्च व विक्लिफ रोझ यांच्या १९१५ च्या अहवालाने दिशा दिली. १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. भारतात १९३२ मध्ये कोलकाता येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली, तीही याच फाउंडेशनच्या मदतीने. अमेरिकेत अधिस्वीकृतीचे काम आरंभी अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन करीत असे. १९७४ मध्ये त्यासाठी उपरोक्त स्वतंत्र कौन्सिल अस्तित्वात आली. म्हणजे शिक्षण आपल्याकडे लवकर आले, त्याच्या मूल्यांकनाचे शास्त्र मात्र आले नाही.

निकषांचे सामर्थ्य

पूर्वीचे निकष जैवसांख्यिकी, साथरोगशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्यसेवा प्रशासन आणि सामाजिक व वर्तनशास्त्र या पाच विषयांभोवती फिरत. २०१६ च्या निकषांनी विषयांऐवजी क्षमतांना केंद्रस्थानी आणले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने २२ मूलभूत क्षमता संपादन केल्या पाहिजेत आणि प्रत्येक क्षमता कोणत्या अभ्यासक्रमात, कोणत्या कामातून तपासली हे संस्थेने दाखविले पाहिजे, अशी अट आली. ‘आम्ही साथरोगशास्त्र शिकवितो’ एवढे म्हणून आता भागत नाही. पुढेही निकषांत सुधारणा होत गेल्या, परंतु क्षमताकेंद्रित साचा कायम राहिला.

दुसरी जमेची बाजू क्षेत्रकार्याची. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काम करून किमान दोन निष्पत्ती सादर कराव्यात आणि जिथे काम केले त्या संस्थेला त्या उपयोगी पडाव्यात, अशी अपेक्षा आहे. नुसती हजेरी आणि दैनंदिनी यांवर भागविण्याच्या प्रवृत्तीला यामुळे आळा बसतो. स्वयं-अध्ययन अहवाल, तज्ज्ञ समितीची भेट आणि नंतर निर्णय ही प्रक्रिया आपल्याकडील प्राध्यापकांना परिचित आहे. पहिली अधिस्वीकृती अधिकाधिक पाच वर्षांची व पुढील सात वर्षांची असल्याने तपासणी कायमची संपत नाही, हेही योग्यच होय.

निकषांच्या मर्यादा

तरीही या निकषांचा रोख शेवटी पदवीधरावर आहे, समाजावर नाही. माजी विद्यार्थी, नियोक्ते व समाजातील संबंधित घटक यांचा सहभाग निकषांना अपेक्षित आहे. तथापि हा सहभाग सल्लागार समितीच्या बैठकीपुरता राहू शकतो. ज्या वस्तीत विद्यार्थ्यांनी सर्वेक्षण केले, तिथल्या रहिवाशाला त्याचे निष्कर्ष कळले काय, हा प्रश्न निर्णायक ठरत नाही.

हा दोष केवळ परदेशी निकषांचा नाही. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या महाविद्यालयात मूल्यांकनाच्या फायली तयार करण्याचे काम केले आहे. आरोग्य शिबिराची छायाचित्रे, दिनांक, उपस्थितांच्या सह्या असे सारे आमच्यापाशी होते. शिबिरात ज्या स्त्रियांचे रक्त तपासले, त्यांपैकी किती जणींना पुढे उपचार मिळाले, याची नोंद आमच्यापैकी कोणीच ठेवली नव्हती. पुरावा कार्यक्रमाचा होता, परिणामाचा नव्हता.

भारतीय संदर्भ

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ पासून कार्यरत आहे. ती संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचे खास निकष हा तिच्या पद्धतीचा भाग नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये या विषयाच्या पदव्युत्तर पदवीसाठी आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. परंतु अभ्यासक्रम म्हणजे अधिस्वीकृती नव्हे.

मग अमेरिकन निकष जसेच्या तसे घ्यावेत काय? एका उदाहरणाने त्यातील धोका स्पष्ट होईल. त्या निकषांनुसार पदवीनंतर एक वर्षाच्या आत ८० टक्के पदवीधर नोकरीत वा पुढील शिक्षणात असावेत. जिथे या पदवीसाठी पदे आहेत तिथे ही अट न्याय्य आहे. तमिळनाडूत स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संचालनालयाची जुनी परंपरा आहे आणि तिथे १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. देशपातळीवर मात्र सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडरची शिफारस राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१७ मध्ये झाली आणि तिच्या अंमलबजावणीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली. राज्याने पदेच निर्माण केली नाहीत, तर पदवीधराच्या बेकारीचा ठपका संस्थेवर ठेवणे हे मूल्यांकन नव्हे, अन्याय होय.

याउलट महाराष्ट्राजवळ स्वतःचा असा एक अनुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून येथे आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून औषधांच्या तुटवड्याविषयी, गैरहजर कर्मचाऱ्यांविषयी बोलले. आरोग्य केंद्राला लोकांसमोर उत्तर देता येते, तर ते केंद्र चालविणारी माणसे घडविणाऱ्या संस्थेला का देता येऊ नये?

येथे असा आक्षेप येईल, की गावाचे आरोग्य पाणी, रोजगार, रस्ते अशा अनेक कारणांवर अवलंबून असते; त्याचे श्रेय वा दोष संस्थेला कसा द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बालमृत्यूचा दर हा संस्थेचा निकष करू नये. परंतु संस्थेच्या हातातल्या गोष्टी निश्चित तपासता येतील. एकच क्षेत्र किमान पाच वर्षे तिने सांभाळले काय? सर्वेक्षणाचे निष्कर्ष मराठीत ग्रामसभेसमोर ठेवले काय? तपासणीत आढळलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला काय? आणि तज्ज्ञ समितीने आशा कार्यकर्ती व गावकऱ्यांची भेट प्राध्यापकांच्या गैरहजेरीत घेतली काय?

समारोप

क्षमतांचा पुरावा मागण्याची शिस्त कौन्सिलच्या निकषांकडून अवश्य घ्यावी. रोजगाराची अट मात्र राज्याची जबाबदारी वेगळी काढल्याशिवाय स्वीकारू नये, आणि त्या निकषांत क्षीण असलेला लोकांचा आवाज आपल्याच जनसुनवाईच्या अनुभवातून भरून काढावा. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयाची खरी परीक्षा त्याच्या आवाराबाहेर होत असते. तज्ज्ञ समितीने आपला काही वेळ तिथे घालविल्याशिवाय तिचा अहवाल पूर्ण मानता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.