बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी. पुण्यात त्यावरून जे वादळ उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विधवा, ब्राह्मण, संस्कृत पंडिता, आणि आता ख्रिस्ती. बाजूने असोत की विरोधात, सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: रमाबाईंनी धर्म बदलला.

पण १९०७ साली आपल्या आध्यात्मिक प्रवासाबद्दल इंग्रजीत लिहिलेल्या छोट्या पुस्तकात खुद्द रमाबाईच वेगळं सांगतात. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या म्हणतात. तो मिळाला त्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं. म्हणजे आज ज्यासाठी आपण त्यांचे गोडवे गातो, त्यातलं बरंचसं काम त्यांच्या हिशेबाने खऱ्या अर्थाने ख्रिस्ती होण्याआधीचं आहे. या पुस्तकाला मी पुढे नुसतं ‘साक्ष’ म्हणेन. मंडळीसमोर उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, याला मराठी ख्रिस्ती बोलीत ‘साक्ष देणं’ म्हणतात, आणि हे पुस्तक तेच करतं.

आपल्या ‘धर्मांतर’ या शब्दाची इथे पंचाईत होते. या शब्दात दोन धर्म आहेत, मधे अंतर आहे, आणि माणूस इकडून तिकडे जातो. शिरगणतीला आणि भांडणाला तो पुरतो. इव्हँजेलिकल ख्रिस्ती माणसाला विचारायचं असतं ते निराळंच: तुझं तारण झालं आहे का? योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा विद्वान रात्री येशूकडे येतो, आणि नव्याने जन्म घ्यावा लागेल असं त्याला सांगितलं जातं. निकदेम काही परधर्मीय नाही, धर्मशास्त्र शिकवणारा प्रतिष्ठित माणूस आहे. इव्हँजेलिकल वाचन नेमकं इथे बोट ठेवतं. निकदेमालाही नवा जन्म लागत असेल, तर तो सगळ्यांनाच लागणार: चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला, बाप्तिस्मा घेतलेल्या बाईला, आणि पाद्र्यालासुद्धा.

पाद्र्याचं उदाहरण मी उगाच देत नाही. रमाबाईंच्या हातात त्या काळात आलेलं पुस्तक पाद्र्याचंच होतं: विल्यम हॅस्लम याचं ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’, १८८० सालचं. हॅस्लम इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात अँग्लिकन चर्चचा धर्मगुरू होता. विधी, परंपरा, चर्चची सत्ता यांना फार जपणाऱ्या पंथातला. त्याचा आजारी माळी दुसऱ्याच लोकांच्या उपदेशाने ‘तारण पावला’ आणि हॅस्लम अस्वस्थ झाला. मग एका स्नेही धर्मगुरूने त्याला तोंडावर सांगितलं की तुझंच अजून झालेलं नाही. १८५१ साली एका रविवारी तो उपदेशाला उभा राहिला, आणि ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटतं, या वचनावर बोलता बोलता व्यासपीठावरच त्याच्या आत काहीतरी उलगडलं. समोरच्या गर्दीतला एकजण ओरडून उठला: पाद्रीबाबांचंच तारण झालं! स्वतःच्याच प्रवचनाने पालटलेला पाद्री. कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

रमाबाईंना या गोष्टीत स्वतःची गोष्ट दिसली. धर्म बुद्धीने पटवून घेतलेला, विधी झालेला, काम चाललेलं, आणि तरी हॅस्लम सांगतो ती वस्तू आपल्याकडे नाही.

रमाबाईंवर लिहिणारे इथे साधारण दोन वाटांनी जातात. भक्त मंडळी १८९१ला खरी तारीख मानतात आणि १८८३ला पायरी. आधुनिक, स्त्रीवादी वाचकाला १८८३च्या आसपासच्या बंडखोर रमाबाई खऱ्या वाटतात. पुढे बाई भाविक झाल्या, धार गेली, असा त्याचा हळहळीचा सूर असतो. दोन्ही बाजूंना ‘साक्ष’चा उत्तरार्धच दिसतो. पूर्वार्ध नीट वाचला, तर तो उत्तरार्धाचं बीज आहे हे कळतं.

पूर्वार्धात काय आहे? तीर्थयात्रा. अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन देशभर हिंडताहेत, पुराणं सांगताहेत, दानं करताहेत, उपास करताहेत. मग सत्तरच्या दशकातला दुष्काळ: वडील, आई आणि बहीण थोड्याथोड्या अंतराने जातात. उरतात भाऊ श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवणारे. मग कलकत्ता, पंडिता ही पदवी, आणि शास्त्रांचं वाचन. त्या वाचनातून त्यांना उमगलं ते त्या निर्विकारपणे नोंदवतात: शास्त्रं आपापसांत हजार बाबतींत भांडतात, पण बाईच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. बाईला स्वतःचा म्हणून मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा करावी, पुण्य साठवावं, पुढे कधीतरी पुरुषाच्या, उच्चवर्णीयाच्या जन्माला यावं, मग पाहू.

हे डोक्यात ठेवून १८९१चं पान उघडा. तारण हे पुढे कधीतरी मिळणारं नाही, ते आत्ता मिळतं, हे आपल्याला कळलं, असं त्या लिहितात. ‘आत्ता’ हा इव्हँजेलिकल उपदेशातला अगदी घासलेला शब्द. शेकडो साक्षींमध्ये तो येतो आणि आपण पुढे सरकतो. रमाबाईंच्या वाक्यात त्याला वजन आहे, कारण त्यांना आधी काय सांगितलं गेलं होतं ते आपण वाचलेलं असतं. पुढच्या जन्मी नाही, पुरुष झाल्यावर नाही, पुण्याची रक्कम भरल्यावर नाही. म्हणून ‘धार गेली’ हे निदान मला पटत नाही. शास्त्रांशी त्यांचं जे भांडण होतं, त्याचा निकाल त्यांना या सिद्धान्तात मिळाला, आणि तो बाईच्या बाजूने होता.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती साक्ष या प्रकाराबद्दलच आहे. साक्षीला एक ‘आधी’ लागतो आणि तो अंधारा असावा लागतो. आता १८८३ ते १८८६ या काळातल्या रमाबाईंची पत्रं वाचा. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढला. त्यात ताज्या बाप्तिस्म्याची ही पंचविशीतली बाई आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, पानोपानी वाद घालते. त्रैक्य पटत नाही. बायबलमध्ये नाही ते चर्च म्हणतं म्हणून का मानू? भारतातल्या पुरोहितांचं जू नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, दुसरं घेणार नाही. पुडिंगात अंडं असेल तर खाणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला? लॅटिन माझ्या संस्कृतपेक्षा पवित्र आहे काय?

जेराल्डीनला हा अहंकार वाटला. मला यात एक जिवंत, सावध, प्रामाणिक मन दिसतं, आणि वाङ्मय म्हणून ही पत्रं ‘साक्ष’पेक्षा चार पावलं पुढे आहेत. १९०७च्या रमाबाई या तरुण बाईला नुसती ‘अजून न सापडलेली’ म्हणून एका वाक्यात गुंडाळतात, हा तिच्यावर अन्याय आहे. ती शोधत होती, आणि सापडलेल्या माणसांपेक्षा चांगले प्रश्न विचारत होती.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवली की हे जास्त जाणवतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे परतल्या तेव्हाही सोवळं सांभाळून होत्या. त्यांचं बदलणं हळूहळू, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि का चालत नाही या प्रश्नावरून होतं. जुन्या लक्ष्मीबाईंना नव्या लक्ष्मीबाई हसतात, पण हाकलून देत नाहीत. तारणाची घटिका सांगणारी साक्ष म्हणून कोणी हे पुस्तक वाचणार नाही. मराठी वाचकाने कवटाळलं मात्र हेच.

मग खरं परिवर्तन ओळखायचं कसं? इव्हँजेलिकल परंपरेत हा प्रश्न सगळ्यात कठोरपणे विचारला तो अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सने. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ साली त्याच्या उपदेशाने संजीवनाची लाट आली. सहा महिन्यांत तीनशेहून अधिक लोकांचं तारण झालं, असा त्याचा स्वतःचा अंदाज. त्याच लाटेत, १७३५मध्ये, त्याच्या मावशीच्या यजमानांनी, जोसेफ हॉली यांनी, आत्म्याच्या चिंतेने खंगून स्वतःचा गळा चिरला. एडवर्ड्सने ही घटना आपल्या वृत्तांतात लपवली नाही. १७४६ साली त्याने ‘रिलिजस अफेक्शन्स’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्यात आधी बारा गोष्टी सांगितल्या ज्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. भावना तीव्र आहेत? त्यावरून काही कळत नाही. अंग थरथरलं, रडू फुटलं? नाही. शास्त्रवचनं आपोआप मनात आली? नाही. आधी भीती मग आनंद, असा ठरलेला क्रम घडला? तरीही नाही. अस्सल खुणा त्याने नंतर दिल्या, त्याही बारा, आणि सगळ्यांत भरवशाची शेवटची: माणूस पुढची वर्षं कसा जगतो. संजीवन घडवणाऱ्याच माणसाने असा चाळणीचा ग्रंथ लिहावा याचं मला कौतुक आहे. गंमत अशी की परिवर्तनाचा दाखला देऊ शकेल त्यालाच प्रभुभोजन, असा आग्रह त्याने धरला, तेव्हा त्याच्याच मंडळीने १७५० साली त्याला काढून टाकलं.

एडवर्ड्सची चाळणी रमाबाईंना लावायला काही अडचण नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली उचलून आणणारी बाई त्या कसोटीला सहज उतरते. अवघड होतं ते त्या मुलींच्या बाबतीत.

१८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत असा बोभाटा झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: मी माझी प्रार्थना करते, दार उघडं असतं, ज्यांना यायचं त्या येतात. यात लबाडी नव्हती. इव्हँजेलिकल समजुतीनुसार माणूस माणसाला पालटूच शकत नाही, ते काम आत्म्याचं. पण हीच समजूत शिक्षिकेच्या हातातली सत्ता तिच्या स्वतःच्याच नजरेआड करते. जिच्या उघड्या दारातून प्रार्थना ऐकू येते, तिच्याच हातून जेवणही येतं. जेराल्डीनच्या बाबतीत हे तरुण रमाबाईंना चटकन दिसलं होतं.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली संजीवन आलं. मुली रडल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणाल्या. एका मुलीभोवती ज्वाळा आहेत असं वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, हा प्रसंग मुक्तीच्या इतिहासात हटकून सांगितला जातो. एडवर्ड्सच्या हिशेबाने यातून काहीच सिद्ध होत नाही, ना खरेपणा ना खोटेपणा. मुलींची पुढची वर्षं पाहायला हवीत. आणि ती पाहायला गेलं की हाती लागतात ते आकडे, मिशनरी स्त्रियांनी लिहिलेले वृत्तांत, आणि रमाबाईंची कृतज्ञता. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींपैकी कोणी लक्ष्मीबाईंसारखं ऐसपैस, स्वतःला हसत लिहिलेलं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. अमुक मुलीने ख्रिस्ताला स्वीकारलं की आश्रयाला, हे तिने सांगितल्याशिवाय ठरवणारे आपण कोण? हे तेव्हाच्या टीकाकारांना लागू आहे, तसंच सगळ्या मुलींना तारलेल्यांत मोजणाऱ्यांनाही.

त्या मुलींच्या हातांचा ठसा दुसऱ्या एका ठिकाणी उमटला आहे. रमाबाईंनी शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायका-मुली करत. भाषांतर खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून साधं केलेलं, आणि त्यात रमाबाईंचा एक कटाक्ष होता: ज्या संस्कृत शब्दांना जुन्या देवधर्माचा वास येतो ते शक्य तिथे टाळायचे. वाँटेजमध्ये क्रुसावरच्या लॅटिनला हटकून संस्कृतची बाजू घेणारी हीच बाई. ते भाषांतर आज वाचताना काही ओळी ठेचकाळतात, कारण नेहमीचा शब्द तिथून मुद्दाम उचललेला असतो आणि त्या जागी ठेवलेला अजून नीट बसलेला नसतो.