भायखळ्याची मातीची माणसं पुरावा म्हणून वापरताना

संशोधनाची तयारी करताय म्हटल्यावर कुणी ना कुणी सांगतंच, ‘अरे, म्युझियमं बघून ये.’ तिथे जाऊन नेमकं काय बघायचं हे सांगणारे कमी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, एन.जी.एम.ए. आणि जहांगीर कलादालन अगदी जवळजवळ आहेत, एका दिवसात होतात. ते कराच. पण आज मी भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल लिहितेय, कारण तिथल्या वस्तू प्रबंधात वापरायचा मोह फार होतो.

१८७२ साली ही इमारत ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुली झाली. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि ते काम खरंच देखणं आहे. सोनेरी नक्षी, लोखंडी खांब, जुनी लाकडी कपाटं, सगळं उजळलंय. माझी तक्रार इथूनच सुरू होते. इतक्या सुंदर मांडणीत माणूस ‘वा!’ म्हणून पुढे सरकतो आणि विचारायचं राहूनच जातं.

काचेमागच्या मातीच्या छोट्या प्रतिमा घ्या. वेगवेगळ्या जातीजमातींची, व्यवसायांची माणसं, आपापल्या वेशात. कारागिरी अव्वल. आता समजा तुमचा विषय आहे एकोणिसाव्या शतकातला पेहराव. तुम्ही फोटो काढलात, प्रबंधात टाकलात आणि खाली लिहिलंत, ‘तत्कालीन पोशाख’. परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील: हे कुणी, कधी, कशासाठी बनवलं? संग्रहालयातली बरीच मॉडेल्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स तेव्हा इथले क्युरेटर होते. शिवाय, प्रत्येक प्रतिमा एका अख्ख्या समाजाचा ‘नमुना’ म्हणून उभी आहे. लोकांची खानेसुमारी करणाऱ्या, जातींचे कोश छापणाऱ्या सरकारची ही नजर. त्यामुळे लोक काय नेसत होते यापेक्षा, लोकांना कसं वर्गात बसवलं जात होतं, यासाठी ही मॉडेल्स जास्त भक्कम पुरावा आहेत. विषय बदलला तरी वस्तू तीच राहते, फक्त तिला विचारायचा प्रश्न बदलतो. (हे मार्गदर्शकांना पटवायला दोन मीटिंगा जातात, तयारी ठेवा.)

हस्तकलेच्या वस्तूंचंही तेच. या संग्रहाची मुळं १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी गोळा केलेल्या वस्तूंमध्ये आहेत. म्हणजे इकडचा माल तिकडच्या बाजाराला दाखवायचा होता. कपाटातली वस्तू ‘पारंपरिक’ म्हणून उद्धृत करण्याआधी हे डोक्यात असू द्या. वस्तूशेजारची पाटी सहसा नाव, साहित्य आणि काळ सांगते; ती कपाटापर्यंत कशी पोचली हे क्वचितच. ही उणीव फक्त भायखळ्याची आहे असं नाही, पण जिथे संग्रहाचा इतिहासच इतका बोलका आहे तिथे ती जास्त खटकते.

संग्रहालयाला हे कळत नाही असंही नाही. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी इथे बांबूच्या परांचीसारखं शिल्प उभं केलं होतं. झळझळीत दालनात परांची बघितली की ही चमक कुणीतरी, कधीतरी चढवलीय हे आपोआप लक्षात येतं. पाट्यांना जे जमत नाही ते त्या कामाने केलं. पण प्रदर्शन संपतं, पाट्या राहतात.

तुम्ही जाल तेव्हा बाहेर वेळ काढा. घारापुरीचा दगडी हत्ती इथे आहे. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं तोच, तुकडे जोडून उभा केलेला. काळा घोडा चौकातून १९६५ मध्ये हलवलेला मूळ ‘काळा घोडा’, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळाही आवारातच आहे. दोघंही आपल्या नावाच्या जागेपासून दूर. आतल्या वस्तूंना विचारायचे प्रश्न आधी या दोघांवर करून बघा. आणि हो, बुधवारी संग्रहालय बंद असतं.